लंकेत म्हणे कोणी विचारत नाही

माय, अन् वरून तू त्या सिस्टरलेच नावं ठेवली. तिचा काय गुन्हा होता ते मले आजपर्यंत समजलं नाही. सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून तिनं गोळ्यांची पुडी देली, तू पदराखालून नारळ काढून खिडकीत ठेवला, बाजूले सुपारी ठेवली, वर सव्वा रुपया ठेवला, अन् तिनं ते सगळं हातानं सरकवून परत तुझ्याकडे केलं. "नइ लागय दाई, फोकट म मिलथे," म्हणे. मागं मोठी लाइन होती, लोकं खोकलून राहिले होते. कोणी म्हणे अम्मा जल्दी करो, कोणी म्हणे यहाँ पूजा करने आई है क्या. तू नारळ पुन्हा आत सरकवला. तिनं पुन्हा बाहेर केला अन् भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, की इथं कोणाच्या हातचं काही घेतलं तं नोकरी जाते. तुले वाचता येत नव्हतं. मले येत होतं, मी मोठ्यानं वाचून दाखवली. तेव्हा तू माझ्याकडे अशी पाहत राहिली जशी ती पाटी मीच लिहून लावली. नारळ उचलला, पुडी उचलली, अन् रिक्षात बसल्यावर म्हणे, "माजली आहे पोट्टी. हातचं घेत नाही अन् औषध देते. असं औषध अंगाले लागते का?" त्या दिवसापासून मी तुझ्यावर रागावून आहे. तुले जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, पण राग काही उतरला नाही. तू एका नारळापायी मेली, माय. दुसऱ्या कोणाजवळ मी हे बोलत नाही, पण तुले तं सांगू शकते.

गोळ्या तू घरी आणल्या अन् देवाच्या कोनाड्यात दिव्याच्या मागं ठेवून देल्या. मी विचारलं, काहून नाही खात, तं म्हणे, "अजून माझ्या नाही झाल्या त्या." टीबी होता तुले. डॉक्टरनं मले बाहेर बोलावून साफ सांगतलं होतं की नागा न करता गोळ्या खाल्ल्या तं बाई उठून कामाले लागते, सोडल्या तं मग कोणाच्या हातात नाही. मी हे तुले चांगल्या बोलीत सांगतलं, ओरडून सांगतलं, हात जोडून सांगतलं. तू तांदूळ निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणे, "चौथी काय शिकली, मले शिकवते." अन् मग गेली त्या गल्लीतल्या डॉक्टरकडे, जो आधी पैसे घेऊन गल्ल्यात टाके अन् मग नाडी पाहे. त्यानं एक सुई देली, एक लाल औषधाची बाटली देली. घरी आल्यावर तुझं तोंड पाहण्यासारखं होतं. लग्नातून जेवून आल्यासारखी खुशीत होती. "यानं घेतले. आता लागते," म्हणे. कानातले गेले, पायातले तोडे गेले, बाबाच्या हातचा पितळी हंडा गेला, अन् लाल औषध येत राहिलं. त्या माणसानं एकदाही तुझी थुंकी तपासली नाही. ती सिस्टर मात्र पत्ता विचारत विचारत घरापर्यंत आलती, की दाई गोळ्या न्यायले काहून नाही आली. तुले आठवत असंन. नाकाले रुमाल लावून दारात उभी राहिली. तू पाण्याचा गिलास पुढं केला, तिनं नुसतं हातानंच नको म्हटलं. ती गेल्यावर तू गिलास अंगणात उपडा केला अन् मले म्हणे, "पाह्य. पाणी बी नाही घेतलं." मी म्हटलं, ती आली हे काय कमी आहे. तू त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

तसं मी तुले ओळखत नाही असं नाही. तुझ्या ओट्यावर काय चाले ते मी लहानपणापासून पाहत आली. पुरानी बस्तीतल्या आपल्या दोन खोल्या, समोर ओटा, ओट्याच्या कोपऱ्यात कण्हेर. लोकांच्या घरच्या पोळ्या लाटून तू दुपारी परत येते, अन् ओट्यावर कोणीतरी बसलंच आहे. कोणाच्या लेकराचं पोट दुखते, कोणाची बेंबी सरकली. तू हातपाय धुते, हाताले तेल लावते, लेकराले उताणं निजवते अन् पोट चोळत चोळत बेंबी जागेवर आणते. लेकरू रडता रडता झोपून जाते. रिक्षावाल्याचं असो की सेठच्या घरचं, तुझ्यापाशी सगळ्यांले तीच सतरंजी. नाही कोणाले म्हटलं नाही. पण आधी काहीतरी ठेवल्याशिवाय हात बी नाही लावला कोणाले. सेठची सून नारळ ठेवे, रिक्षावाला मूठभर तांदूळ ठेवे. एकदा एक रेजा आली, बांधकामावर विटा वाहणारी, कडेले तापलेलं लेकरू, अन् तिच्यापाशी खरंच काही नव्हतं. पदर झटकून दाखवला बिचारीनं. तू म्हणे, "ते कण्हेरीचं फूल तोड अन् ठेव इथं." ती म्हणे, ये तो आपका ही फूल है अम्मा. तू म्हणे, "मैंने तोड़ा क्या? तूने तोड़ा न?" मी दारात उभी राहून हसली. मले वाटलं काय नाटक लावलं आहे. तू तिचं लेकरू चोळता चोळता माझ्याकडे न पाहता म्हणे, "हसायचं असंन तं आत जाऊन हस." तेव्हा मी आत गेली अन् आत जाऊन खरंच हसली.

ते दिवसच तसे होते, जेव्हा तू आजारी पडली. नवं राज्य झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं. कालपर्यंत ज्याच्या दुकानावर नुसतं किराना लिहिलं होतं त्यानं पेंटर बोलावून राजधानी किराना लिहून घेतलं. लाल दिव्याच्या गाड्या पोंपों करत जायच्या, भिंतीमागून भिंती रंगवल्या जात होत्या, सरकारी दवाखान्याले बी चुना लागला होता. सगळे म्हणत, आता सगळं मिळते, भोपाळले जायचं काम नाही. मले बी वाटे, राजधानीत कोणी टीबीनं मरते का. तुले नेलं त्या दिवशी चौकात रस्ता अडवून ठेवला होता. कोणी मोठा माणूस जाणार होता. तिरडी खांद्यावर, अन् पोलीस म्हणे, "अम्मा को दो मिनट रोक लो." जशी तू बाजारात चालली होती. मामा त्याच्या अंगावर जाणार होते, लोकांनी धरलं. गाड्या गेल्या, धूळ खाली बसली, मग तुले जाऊ देलं.

लोक म्हणतात तू गेली. कुठं गेली? तेलीबांध्याच्या पुढं, नव्या राजधानीच्या रस्त्यावर, एका ट्रेनिंगच्या संस्थेत मी स्वैपाक करते. मोठं किचन आहे, खिडक्याच खिडक्या, उजेड असा की डोळे दुखतात. भर दुपारी, जेवणं होऊन गेली, भांडी घासायले गेली, की पिठाच्या बोऱ्यांमागून खोकला ऐकू येते. तोच, आधी दोन छोटे अन् मग तो एक लांब, ओढून घेतलेला. पहिल्यांदा मी बोऱ्या सरकवून पाह्यल्या होत्या. आता नाही पाहत. मले समजलं आहे तू कधी येते. जेव्हा मी काही फुकटचं घेते तेव्हा येते. राशनचे तांदूळ थैलीत पडून राहिले असतात, अन् माझ्या पाठीशी कोणीतरी उभं असते. कोरोनाची सुई घ्यायले गेली तं माझ्या पुढं दोन माणसं सोडून एक म्हातारी, हिरवं लुगडं, पदराखाली गोल काहीतरी धरलेलं. मी पुढं जाऊन तोंड नाही पाह्यलं. पाठ तुझीच होती. सुई घेतली अन् टेबलवर सिस्टरपुढं एक चॉकलेट ठेवून पळाली. मागून ती ओरडली, "दीदी, आपका कुछ छूट गया." माझ्या पोट्ट्याले मी हे सांगत नाही. तो म्हणन, मम्मी को दिखाना पड़ेगा.

आता ज्याच्यासाठी लिहायले बसली ते सांगते. मले छातीत गाठ आहे. डावीकडे. आंघोळीच्या वेळी हाताले लागली, कच्च्या बोरासारखी. मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली, तिथं सुईनं पाणी काढून तपासलं अन् डॉक्टरीण बाईनं समोर बसवून सांगतलं की कॅन्सर आहे, पण लवकर आली, गाठ लहान आहे, काढून टाकू, मग औषधं चालतील. माझ्याहून लहान आहे बाई, पण बोलते नीट, नजर चोरत नाही. म्हणे, "दीदी, गुरुवार को पलंग मिल जाएगा, सुबह खाली पेट आना. पैसे की चिंता मत करना, सब यहीं हो जाएगा." हे तिनं म्हटलं अन् तिच्या खुर्चीमागं, जिथं नुसता पांढरा पडदा होता, तिथून तू खोकलली. दोन छोटे, एक लांब. मी इतकी चिडली की डॉक्टरीण बाईले वाटलं मी तिच्यावर चिडली. म्हणे, "घबराइए मत." मी म्हटलं, मैं नहीं घबरा रही, मेरी माँ घबरा रही है. तिनं इकडंतिकडं पाह्यलं.

घरी पोट्ट्याले सांगतलं. तो भनपुरीले ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, चांगला कमावते, बायको-लेकरांवर चांगलं लक्ष आहे, त्याच्यात खोट काढायले जागा नाही. मराठी त्याले सगळं समजते, बोलते मात्र हिंदीत. जेवता जेवता हात थांबला त्याचा. म्हणे, "सरकारी में नहीं कराएँगे मम्मी." मी म्हटलं, काहून? "फ्री में क्या मिलता है? फ्री में फ्री जैसा ही मिलता है. वहाँ पलंग के नीचे कुत्ता सोता है." मी म्हटलं, मी पाहून आली, कुत्रा नाही. म्हणे, "आज नहीं होगा." त्यानं एका खाजगी हॉस्पिटलाचं नाव काढून ठेवलं होतं, काचेचं, जिथं आत गेल्याबरोबर थंड वाटते. माझ्यापाशी सरकारचं कार्ड आहे, पण तिथं कार्ड घेत नाहीत, सगळं रोख. रोख कुठून येणार, तं पुरानी बस्तीतल्या दोन खोल्या विकून. भाडेकरू गेल्यापासून त्या बंदच आहेत, शनिवारी जाऊन मी झाडून येते तेवढंच. "नानी का घर ही तो है, नानी को क्या करना है अब," म्हणे. "पैसा देंगे तो डॉक्टर ध्यान भी देगा. जो पैसा लेता है वो जिम्मेदारी भी लेता है." माय, मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. तू गेली तेव्हा त्याले बोलता बी येत नव्हतं. मी म्हटलं, तू कोणाचा नातू आहे ते आज समजलं मले. म्हणे, "मतलब?" मी म्हटलं, काही नाही, भात घे. त्यानं भात घेतला अन् मग ताटावर बसूनच रडला. इतका मोठा माणूस. मी त्याच्या भातावर वरण वाढलं. तो माझ्या जिवासाठीच बोलून राहिला होता.

अन् त्याच हप्त्यात संस्थेत पाहुणे आले. आजूबाजूच्या देशांतले सरकारी लोक, कोणी डॉक्टर, कोणी ऑफिसवाले. आपापल्या देशात सगळ्या लोकांले दवापाणी कसं देतात ते एकमेकांले सांगायले आलते. हॉलमध्ये दिवसभर इंग्रजीत चाले, भिंतीवर चित्रं पाडून. चहा न्यायले गेली तं मले त्यातलं काही समजे ना. पण जेवताना माणूस खरं बोलते. एक नेपाळचा भैया होता, त्याले हिंदी चांगली येत होती, अन् खाण्याचा शौकीन, म्हणून त्याच्याशी माझं जमलं. एक लंकेची दीदी होती, माझ्याच वयाची, पांढरे केस, चमचा बाजूले ठेवून हातानं जेवणारी. एक थायलंडची बाई होती, ती पोळी फुगली की फोटो काढे. भूतानचे एक साहेब होते, ते बोलत नव्हते, नुसत्या हिरव्या मिरच्या मागत.

मी वाढता वाढता नेपाळी भैयाले म्हटलं, "भैया, जरा पूछो दीदी से, इनके यहाँ अस्पताल में कौन सा कार्ड चलता है." त्यानं विचारलं. ती हसली. तो म्हणे, "कोई कार्ड नहीं."

"कार्ड नहीं, तो कैसे मालूम पड़ता है कि आदमी गरीब है?"

"बोल रही हैं, पूछते ही नहीं."

"कोणीच नाही विचारत?" मी मराठीतच बोलून गेली, मग सुधरवलं. "और सेठ लोग आ गए तो?"

"तो सेठ भी लाइन में लगे." मग भैयानंच टोमणा मारला, "लाइन कितनी लंबी है ये भी पूछो इनसे." दीदीनं त्याच्या हातावर चापट मारली, पण खरं ते सांगतलं. लाइन मोठी आहे. देशावर वाईट दिवस आले तेव्हा दवाखान्यातली कपाटं रिकामी झाली, डॉक्टर चिठ्ठी लिहून देत की बाहेरून आणा. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो संध्याकाळी त्याच डॉक्टरच्या खाजगी दवाखान्यात जाऊन बसते. पण दारात कोणाले कोणी विचारत नाही, तू कोण, तुझ्यापाशी काय आहे. तिची आजी तशीच त्या दवाखान्यात जाये, आई बी तशीच जाये, ती स्वतः तिथंच जन्मली.

मी म्हटलं, भैया, तुमचं सांगा. त्याच्या देशात कार्ड आहे. दर वर्षी घराच्या नावानं पैसे भरायचे, मग वर्षभर दवाखाना. अगदी गरीब असला तं त्याचे सरकार भरते. त्याच्या काकानं दोन वर्षं भरले अन् आजारीच नाही पडला. मग म्हणे, इतने पैसे में तो बकरी आ जाती, अन् तिसऱ्या वर्षी भरलेच नाही. "उसी साल पेट का ऑपरेशन निकला," भैया म्हणे. "फिर भैंस बेची." सगळे हसले, तो बी हसला, पण काकाची आठवण येऊन मध्येच थांबला. मग भूतानचे साहेब पहिल्यांदा बोलले, की आमच्याकडे लोकांकडून घेत नाही, अन् जे आमच्या देशात होत नाही त्यासाठी माणसाले सरकार आपल्या खर्चानं कलकत्त्याले पाठवते. मी म्हटलं, कौन सा कलकत्ता, हमारा वाला? म्हणे, हाँ, आपका वाला. मी मिरच्यांची वाटी त्यांच्यापुढं सरकवली. दुसऱ्या देशाचा माणूस माझ्या देशात येऊन फुकट बरा होऊन जाते, अन् माझा पोट्टा माझ्या गावात माझ्यासाठी घर विकून राहिला आहे.

मग मी ते विचारलं जे मले विचारायचं होतं. सगळ्यांची ताटं वाढून झाली होती, मी वरणाचं भांडं धरून उभीच होती. म्हटलं, दीदीले विचार, तिकडच्या लोकांले ते फुकटचं औषध लागते का. भैयाले समजलं नाही. म्हणून मी तुझी गोष्ट सांगतली, माय. तुझी म्हणून नाही सांगतली. म्हटलं, आमच्या मोहल्ल्यात एक बाई होती. नारळ, खिडकी, सिस्टर, पाटी, सगळं सांगतलं. तो थोडं थोडं इंग्रजीत सांगत गेला अन् टेबलवर कोणी खाईना. मिरचीवाले साहेब बी थांबले.

लंकेच्या दीदीनं जेवता हात ताटाच्या काठाले पुसला. मग बोलली ते भैयानं असं सांगतलं: "कह रही हैं, फोकट कहाँ है. इनकी माँ नारियल की रस्सी बटती थी. उसी पैसे से साबुन लाती थी, माचिस लाती थी, चीनी लाती थी, और सब में सरकार का हिस्सा कटता था. बोलती हैं, अस्पताल जाने से पहले हम लोग रख चुके होते हैं. जिंदगी भर थोड़ा थोड़ा रखते हैं." मग तिनं स्वतःच माझ्याकडे पाहून, तळहात उलटा करून काहीतरी ठेवल्यासारखं करून दाखवलं. एकदा, पुन्हा, पुन्हा.

थायलंडवाली मान हलवत होती. तिच्याकडे, म्हणे, खिडकीत एक लहान नोट ठेवायची, रस्त्यावरच्या नाश्त्याइतकी, अन् मग आत जे काय लागंन ते सगळं, ऑपरेशन असो की काही असो. मध्ये सरकारनं ती नोट बी बंद केली होती. तेव्हा तिची आई रुसली. "माँ बोली, नोट देती थी तो दवा लेने जाती थी. अब लगता है माँगने जाती हूँ." मग काही वर्षांनी नोट पुन्हा सुरू झाली अन् आई पुन्हा तोऱ्यात जायले लागली. हे ऐकून लंकेची दीदी तापली. म्हणे, एक नोट बी नाही पाहिजे, एका नोटेपायी बी कोणीतरी दारातून परत जाते, अन् परत गेलेलं माणूस तुम्हाले दिसतच नाही. थायलंडवाली म्हणे, पण माणसाची इज्जत? दीदी म्हणे, इज्जत जिवंत माणसाले असते. दोघी इंग्रजीत भांडायले लागल्या, मोठ्या मायेनं, पण भांडायले लागल्याच. भैयानं सांगणं सोडून देलं. मले आता सांगायची गरज नव्हती. वरण गार होऊन राहिलं होतं, खिडकीतून ऊन टेबलवर आलं होतं, अन् मी पाहत होती, तू अन् ती सिस्टर समोरासमोर बसून जे बोलायले पाहिजे होतं ते ह्या दोघी बोलून राहिल्या होत्या. त्या दिवशी तू खोकलली नाही. मी कान देऊन होती. बोऱ्यांमागं गुपचूप होतं सगळं, कोणी ऐकून राहिल्यासारखं.

तर माय, आता माझं ऐक. मले तुझं आता समजलं. पैशाचं नव्हतं ते, नाही तं त्या रेजाकडून तू फूल काहून घेतलं असतं. तुले भीक नको होती, अन् कोणाले भीक घालायची बी नव्हती. हे तू मले तेव्हा सांगतलं असतं तं बरं झालं असतं, आत जाऊन हस म्हणण्यापेक्षा. पण ह्याच हिशेबानं पाह्य. तू जन्मभर काड्याची पेटी आणली, साबण आणला, चहापत्ती, बाबाच्या विड्या, पायातल्या चपला. त्या प्रत्येकातून कापलं गेलं अन् कुठंतरी जमा झालं. त्याच्यातूनच त्या गोळ्या आल्या, ती खिडकी आली, त्या पोट्टीचा पगार आला. तिनं तुझा नारळ घेतला नाही कारण तू आधीच ठेवून बसली होती. तुले कोणी सांगतलं नाही. तिले बी कोणी सांगतलं नसंन, नाही तं ती नुसतं फोकट आहे फोकट आहे म्हणाली नसती. त्या गोळ्या तुझ्या होत्या, माय. कोनाड्यात ठेवल्या तेव्हा बी तुझ्याच होत्या. हे लंकेतल्या एका बाईनं माझ्या किचनात येऊन सांगावं लागलं, ते बी नेपाळ्याच्या तोंडून.

असं मी समजते. पण मी समजून काय होते? रात्र असो की दिवस, पोट्ट्याचं बोलणं अन् तुझं बोलणं मले एकाच आवाजात ऐकू येते, अन् तुम्ही दोघंही माझ्याच जिवासाठी बोलून राहिले, हाच तर त्रास आहे. डॉक्टरीण बाई चांगली आहे. पण टेबलवर झोपल्यावर, सुई देल्यावर, जर त्या वेळी तू पडद्यामागून तसंच म्हटलं, की हे अंगाले लागणार नाही, तं माझं अंग तुझंच ऐकंन. अंगाले तुझीच सवय आहे. म्हणून मले तुझ्याकडून उत्तर पाहिजे. देवाले विचारून झालं, तो काही बोलत नाही.

पाहुणे काल गेले. दीदीनं जाताना माझा हात हातात धरला, पण काही विचारलं नाही, मी काही सांगतलं नाही. बुधवारी दुपारी पोट्टा खोल्या घेणाऱ्या माणसाले बयाना, म्हणजे इसाराचे पैसे, घेऊन आणते. गुरुवारी सकाळी उपाशीपोटी मले दवाखान्यात पोचायचं आहे. दोन्ही होऊ शकत नाही. मंगळवारी दुपारी मी किचनात एकटी असते, जेवणं आटोपल्यावर. तेव्हा ये अन् खोकलून जाऊ नको. समोर येऊन बस अन् सरकारी दवाखान्याले हो म्हण की नाही म्हण. नाही म्हणायचं असंन तं तेही सांग, पण मग काहून ते बी सांग, कारण माझ्या बोलण्यात तुले काय चूक दिसली ते ऐकल्याशिवाय मी मानणार नाही.

हे टाकायले कोणतं पोस्ट नाही, ते मले समजते. पिठाच्या डब्याखाली ठेवते. अन् एक सांगायचं राहिलं. इतकं सगळं लिहिलं, पण पोट्ट्याले मी अजून नाही म्हटलं नाही. काल संध्याकाळी त्यानं खोल्या दाखवायले चावी मागितली, मी कमरेची काढून देली. मंगळवारपर्यंत सांग.